रोज तीन चमचे

३ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही पत्र उघडलंत, त्याबद्दल आधी आभार. बावीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुमचे भाऊ गेले तेव्हाही कळवलं ते माझ्या मुलानं. त्यामुळे आज खुशाली विचारायचा आव आणत नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

मला घरी दही गोठवायचंय. दुकानात फ्रोजन योगर्ट म्हणून कागदी पेल्यात मिळतं, वर पीळ असलेलं, ते. तीनदा करून बघितलं. ताजं दही घेतलं, साखर घातली, घोटलं, स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. तिन्ही वेळा दगड! तिसऱ्या वेळी तर चमचा वाकला. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. तेच उत्तर तीनदा चुकलं की समजावं, बेरीज नाही, रीतच चुकतेय.

थंडीचं शास्त्र कळणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. गावातले निम्मे फ्रीज तुमच्या हाताखालून गेलेत असं ऐकते. तेव्हा सांगा, दगड का होतो आणि काय केलं म्हणजे होणार नाही.

फोन करू नका, पत्रच लिहा. मुलाला यातलं काही माहीत नाही, तेव्हा पाकिटावर माझंच नाव घाला.

तुमची वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र दोन दिवस हत्यारांच्या पेटीवर पडून होतं. तिसऱ्या दिवशी पाना काढायला ते बाजूला करावं लागलं, म्हणून उघडलं. कामापुरता मामा ऐकला होता, कामापुरती नणंद आज बघितली. बावीस वर्षांनी आठवण झाली, तीही दह्यासाठी!

फोन करू नका म्हणता. नाही करत. माझा आवाज ऐकून तुमचे कान विटायला नकोत.

पण विचारलंत ते माझ्या धंद्यातलं आहे, आणि धंद्यातल्या प्रश्नाला मी पाठ दाखवत नाही. तुमच्या दह्यात पाणी फार. पाणी सावकाश गोठलं की त्याचे मोठमोठे खडे होतात, आणि खड्याला खडा चिकटला की दगड. तेव्हा:

पातळ सुती फडक्यात दही बांधून सहा तास टांगा. निथळलेला चक्का घ्या, पाणी टाकून द्या. साय काढलेलं दूध नको, सायीसकट हवं. साखर आहे त्याच्या दीडपट करा, नाहीतर मध घाला. गोडामुळे ते मऊ राहतं. उभा डबा नको, पसरट पातळ ताट घ्या. आणि ठेवून विसरू नका. दर अर्ध्या तासानं काढून काट्यानं कडेचं मध्ये, मधलं कडेला असं फोडून ढवळा. चार वेळा. खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर ठेवा.

शिवाय फ्रीजरच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दाराचं रबर गेलंय. ते बदला. त्यासाठी मी येणार नाही, तुमच्याकडे कोणीतरी असेलच.

नणंद


१७ फेब्रुवारी

वन्सं,

झालं! चमचा लोण्यात जावा तसा गेला. ताटापुढे उभी राहून मी एकटीच हसले.

कागदाची पट्टी सहज निघाली. रबर बदलायला माणूस आला तेव्हा मी त्यालाच कागदाची युक्ती दाखवली. तो म्हणाला, "आजी, हे कुणी शिकवलं?" मी पाटीवर लिहिलं, "आमच्या घरात एक आहे." खरं तर घरात नाही म्हणायला हवं. पण लिहून गेले.

हे सगळं मी मुलगा कामावर असताना करते, अकरा ते चार. त्याची नोकरी कारखान्यांची सुरक्षा तपासायची. आग कुठून लागेल, माणूस कुठून पडेल, हे दिवसभर शोधायचं. घरी आल्यावरही तो डोळा मिटत नाही. मला काय चालेल, काय नाही याची त्यानं यादी केलीय; थंड पदार्थ तिच्यात लाल शाईत आहेत.

आता एक विचित्र मागणी. महिन्यापूर्वी माझे दात काढले. सगळे. तेव्हापासून तोंडाला चव नाही. थंड लागतं, मऊ लागतं, बाकी काही नाही. मी केलेलं बरं झालंय की वाईट, मलाच कळत नाही. तर तुम्ही तेच तिकडे करा, खा, आणि कसं लागतं ते लिहा. एक वाटी चक्का, दोन पिकली केळी, तीन चमचे मध. केळी काळी पडायला आलेली घ्या, ती जास्त गोड.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

ही चाकरी नवीनच! पण करून बघितलं. दुकानात कॉम्प्रेसर तपासायला लावला होता, त्याच्या शेजारीच ताट मांडलं.

चव लिहून घ्या. जिभेवर ठेवल्याबरोबर आधी केळं, अगदी सालीजवळचं, पिकून मऊ पडलेलं. मग दह्याचा आंबटपणा, पण कडेकडेनं, पाहुण्यासारखा. मध शेवटी, घशाजवळ. गिळल्यावर जिभेच्या टोकाला सायीचा तेवढा तुपकटपणा राहतो. दोनच केळी पुरेत, तिसरं घातलंत तर दही दिसेनासं होईल.

आता माझा प्रश्न. माझेही वरचे सहा दात गेलेत. चव जागेवर आहे. दात काढल्यानं चव जाते हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. आणि पाटीवर का लिहिता? दुरुस्तीवाल्याशी बोलायला तोंड नाही? शाळेत तर तुमचा आवाज तीन वर्गांपलीकडे जायचा म्हणे.

बिघडलेलं यंत्र लपवून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो. काय झालंय ते सांगितल्याशिवाय मी झाकण उघडत नसते.

नणंद


८ मार्च

वन्सं,

उघडा झाकण.

डिसेंबरात जिभेच्या कडेची गाठ काढली. गाठीबरोबर जिभेचा एक तुकडा गेला. दात काढले ते पुढच्या उपचारासाठी. आता रोज रेडिएशनला जाते, पस्तीस दिवस. तोंडावर जाळीचा मुखवटा ठेवून तो पलंगाला स्क्रूनं घट्ट करतात, म्हणजे मान हलत नाही. आत मी पाढे म्हणते. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत पोचले की सोडतात.

'त्रिकोण' म्हणायला गेले तर 'हिओ' ऐकू येतं. चाळीस वर्षं ज्या तोंडावर पोट भरलं ते तोंड असं झालंय. म्हणून फोन नको म्हटलं. तुमच्या आवाजाचा राग नव्हता, स्वतःच्याच आवाजाची लाज होती.

तोंडभर फोड आहेत. कोमट पाणीसुद्धा निखाऱ्यासारखं लागतं. गारठलेलं, न आंबलेलं दही तेवढं जातं. उपचाराआधी माझं वजन एक्कावन्न होतं, परवा साडेपंचेचाळीस. चव्वेचाळीसच्या खाली गेलं तर पोटात नळी बसवणार. मला नळी नकोय. हा हट्ट म्हणा.

परवा मुलगा लवकर घरी आला आणि त्याला फ्रीजरमध्ये ताट सापडलं. त्यानं ते मोरीत उपडं केलं. चार तासांची मेहनत! "आई, घशाला सर्दी झाली तर उपचार थांबतील, कळतंय का तुला?" असं म्हणताना त्याचे हात कापत होते, हे मी बघितलं. तरी मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "घसा माझा आहे." तो म्हणाला, "आणि आई माझी आहे." मी ते पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडून चिठ्ठी आणली: गार चालेल, मऊ चालेल, जे गिळता येईल ते गिळा. ती त्याच्या लाल यादीवर चिकटवली, डिंकानं, चारी कोपरे.

सहानुभूतीचं पत्र लिहू नका. अशी पत्रं रोज येतात. कामाचं लिहा.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

मी आता तुला तू म्हणणार आहे. मोठी असशील भावाची बायको म्हणून. महिनाभर एवढं मोठं दुखणं लपवून दह्याच्या गप्पा मारणाऱ्या बाईला तुम्ही म्हणायला माझ्याकडे वेळ नाही.

कामाचं लिहिते. चमच्यांची संख्या वाढत नसेल तर चमचा जड कर. मध कमी करून आटवलेलं गोड दूध घाल, डब्यातलं मिळतं ते. वर ताजी साय, दोन मोठे चमचे. शेंगदाणे भाजून, सालं काढून, तेल सुटेपर्यंत वाटून घाल, गाळणीतून काढून. एक कणी राहता कामा नये. खजूर भिजवून, गाळून. आंबट फळ कुठलंही नको. दही लागताच फ्रीजमध्ये ठेव, आंबू देऊ नकोस.

सोबत पार्सल येतंय. आत लाकडी बादली, त्यात डबा, वर फिरवायचा दांडा. बादलीत बर्फ आणि जाडं मीठ थरावर थर घालायचं. मीठ लागलं की बर्फ वितळता वितळता स्वतःपेक्षाही गार होतो. वीस मिनिटं दांडा फिरवला की ताटापेक्षा दुप्पट मऊ. दांडा तू फिरवायचा नाहीस. तुझ्या मुलाला फिरवायला दे. हातांना काम मिळालं म्हणजे कापणार नाहीत.

सायीचं, खजुराचं करून खाल्लं. भाजलेल्या दाण्याचा वास आधी, खजूर मागून, आणि दही असं की भांडणात मध्यस्थ असावा. भारी झालंय.

नळी आली तर येऊ दे, पण तिला दारात उभं करून ठेव जितकं जमेल तितकं.

मी


२९ मार्च

वन्सं,

बसली नळी. त्रेचाळीस किलो सहाशे. मी हरले असं लिहायला बसले होते, पण लिहिणार नाही.

रेडिएशनच्या शेवटच्या आठवड्यात पाणीसुद्धा जात नव्हतं. बादली आली त्या संध्याकाळी मुलानं वीस मिनिटं दांडा फिरवला, शर्ट घामानं भिजला, आणि मला दोन चमच्यांपुढे गिळता आलं नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. मला ऐकू येऊ नये म्हणून.

आता दिवसातून पाच वेळा नळीतून पातळ अन्न जातं. पोट भरतं, वजन थांबलंय. पण आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, नळी आहे म्हणून गिळणं सोडू नका. गिळायचे स्नायू वापरले नाहीत की विसरतात, मग शिकवायला महिने जातात. म्हणून रोज तीन चमचे, सकाळी एक, दुपारी एक, सहाला एक. एका चमच्याला आठ-दहा मिनिटं लागतात. आधी वेदनेची गोळी, मग खुर्चीचा हात धरायचा, हनुवटी छातीला लावायची आणि ढकलायचं. डोळ्यांतून पाणी येतं, येऊ दे. मुलगा म्हणतो, "आई, आता कशाला त्रास करून घेतेस? नळी आहे ना." मी लिहिलं, "बादलीत मीठ भर."

या दिवसांत पडून पडून बरंच आठवतं. एक सांगायचंय. पुढे कधी सांगायला होईल न होईल.

तुमच्या वडिलांचं, तुम्ही चालवत होतात ते दुकान विकायला मी लावलं. तुम्ही शीतगृहातल्या अपघातानंतर हॉस्पिटलात होतात. तुमचे भाऊ आठ दिवस घुटमळत होते. "तिला विचारल्याशिवाय कसं?" म्हणत होते. मी म्हटलं, बाईमाणसानं एकदा मरणाच्या दारातून परत यावं तेवढं पुरे, विकून टाका, म्हणजे ती घरी बसेल. तुमच्या काळजीनं म्हटलं असं आजवर स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. शाळेत मला विचारायचे, "तुमची नणंद फ्रीज दुरुस्त करते ना हो?" आणि हसायचे. मला लाज वाटायची. तेवढ्यासाठी मी तुमचं दुकान घालवलं.

साक्षीदार म्हणून सही माझीच आहे. माफी मागते. तुम्ही द्याल असं गृहीत धरत नाही.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

सही मी तेव्हाच बघितली होती. 'र'ला शेपटी काढायची सवय तुझीच. कारण मात्र आज कळलं. नंतर माझं मी उभं केलेलं हे दुकान चार दिवस बंद ठेवलं आणि भांडी आपटली. वरच्या मजल्यावरची शिंपीण खाली येऊन विचारून गेली, कुणी मेलं का म्हणून.

तुझ्या शाळेतल्या बायका हसल्या म्हणून! अगं, हसणाऱ्यांच्या घरचे फ्रीज मीच चालू ठेवत होते. त्यांचं दूध नासत नव्हतं ते माझ्यामुळे. मला हे तू तोंडावर सांगितलं असतंस तर मी शाळेच्या फाटकात पाना घेऊन उभी राहिले असते, मग बघितलं असतं कोण हसतं ते.

माफ केलं असं लिहिणार नाही. मनात नसलेलं मी लिहीत नाही. पण खरं लिहिलंस, त्याची किंमत मला कळते. मग मीही एक खरं लिहिते.

त्या अपघातात शीतगृहाचा नळ फुटला आणि अमोनिया माझ्या तोंडावर आला. डोळे वाचले, फुप्फुसं वाचली. नाक गेलं. तेव्हापासून मला कसलाही वास येत नाही. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जीभ सांगते, पण केळं की खजूर, दाणा की दूध, ते नाकाशिवाय कळत नाही. घरातला गॅस सिलिंडर गळतोय का हे बघायला मी साबणाचा फेस लावते, बाकीचे हुंगतात. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

तुला लिहिलेल्या सगळ्या चवी शिंपीणबाईच्या. मी वाटी घेऊन वर जायचे, ती मशीन थांबवून खायची, मी विचारायचे, आधी काय, मागून काय, आणि तिच्या जुन्या, माप घ्यायच्या टेपच्या उलट्या बाजूला लिहून घ्यायचे. 'भांडणात मध्यस्थ' तेवढं माझं.

आता तू म्हणशील, फसवलंस. हो, फसवलं. तीन चमचे चालू ठेव.

मी


२ मे

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की नळीच्या टाक्याला कळ लागली. दोघींपैकी एकीलाही चव नाही, आणि दोन महिने आपण साय जास्त की मध कमी यावर पत्रं खरडतोय! मुलानं विचारलं काय झालं, मी पत्रच त्याच्या हातात दिलं. तो हसला नाही. वाचून पत्राची घडी घातली आणि म्हणाला, "बाबांना माहीत होतं का, आत्याचं नाक गेलेलं?" मी मान हलवली. नव्हतं माहीत. आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या शिंपीणबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या जिभेवर मी दोन महिने जेवले.

रेडिएशन संपून सहा आठवडे होत आलेत. फोड वाळताहेत. परवा गिळण्याची तपासणी झाली. दुधात मिसळलेलं औषध गिळायला लावलं आणि पडद्यावर माझाच घसा मला दाखवला. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "तोंडानं काय चालू ठेवलं होतं?" मुलगा पुढे होऊन म्हणाला, "दही, गोठवलेलं. रोज तीन चमचे. मी फिरवतो." लाल यादी करणारा हाच तो! बाई म्हणाल्या, चालू ठेवलंत म्हणून स्नायू जागे आहेत, नळी महिन्याभरात काढू.

आता या. पार्सल नको, पत्र नको, स्वतः या. मुलानं विचारलं, "आत्या येईल? राहील? डॉक्टरांना विचारायला हवं, बाहेरचा संसर्ग..." मी पाटी उचलली नाही. तोंडानं सांगितलं, माझ्या या फाटक्या जिभेनं: "येणार." त्याला पहिल्यांदाच कळलं.

वहिनी


१२ जून

वहिनी,

पोचले. दहा दिवस तुझ्याकडे होते, तर इकडे दुकानासमोर सात फ्रीज रांगेत उभे होते, हॉस्पिटलातल्यासारखे. तीन बरे करून घरी पाठवले.

तुझी नळी निघाली तो दिवस मी बघितला, हे बरं झालं. एवढीशी रबराची दोरी, आणि तिच्यासाठी केवढी आदळआपट केलीस तू! तुझा मुलगा चांगला आहे. मिठाचा अंदाज त्याला माझ्यापेक्षा बरा आला. फक्त बादलीखाली पाणी सांडलं की 'घसरण्याचा धोका' म्हणून कागद लिहून ठेवतो, ते सोडव त्याला.

दुकानाचं तू रोज काढायला बघत होतीस आणि मी रोज विषय बदलत होते. तिथे घाई करू नकोस. तो राग बावीस वर्षं पोसलाय मी. तू म्हणालीस म्हणून एका आठवड्यात उठून जाणार नाही. पण तुझ्या स्वयंपाकघरात त्याला बसायला जागा मिळेना एवढं खरं.

एक गोष्ट मात्र मला खटकली, ती तोंडावर बोलायची राहिली. दहा दिवसांत तू एकदाही माझ्यासमोर जेवली नाहीस. वाटी घेऊन आतल्या खोलीत जायचीस आणि दार लावून घ्यायचीस. मुलासमोरही नाही. का, ते मला माहीत आहे. ओठाच्या डाव्या कडेनं सांडतं, वेळ लागतो, आवाज होतो. मग होऊ दे ना! घशासाठी एवढी भांडलीस मुलाशी, डॉक्टरांशी, वजनकाट्याशी. आणि आता बघणाऱ्याच्या नजरेला घाबरतेस? लाजेपायी एकदा माझं दुकान घालवलंस. आता स्वतःचं ताट घालवू नकोस.

लागलं असेल. लागावं म्हणूनच लिहिलंय.

मी


२० जुलै

वन्सं,

लागलं. पाच आठवडे उत्तर लिहिलं नाही ते त्यामुळेच. आज लिहिते, कारण आज लिहिण्यासारखं आहे.

काल आमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांचं जेवण होतं. दुपारी बाराला, एका भोजनगृहाच्या हॉलमध्ये. दरवर्षी असतं. निमंत्रण आलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तू जेवण झाल्यावर जा, भेटून ये. नाहीतर तुझं मी डब्यात आणतो." मायेनंच म्हणाला. मी म्हटलं, "बाराला जाणार." तो कपडे बदलून बरोबर आला.

लांबलचक टेबल होतं, तीस-बत्तीस माणसं. भूगोलाच्या बाई शेजारी, समोर मुख्याध्यापक. सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलत होते, जणू मला ऐकू कमी येतं. मी गुरगुट्या भात आणि गाळलेलं सूप मागितलं. रुमाल मांडीवर नाही, गळ्याशी बांधला, लहान मुलासारखा, आणि सुरुवात केली.

सांडलं. पहिल्याच चमच्याला. भूगोलाच्या बाई चटकन ताटात बघायला लागल्या. मी पुसलं, दुसरा चमचा घेतला. मुलाचा हात माझ्या हनुवटीकडे निघाला होता, मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो हात पाण्याच्या पेल्याकडे वळला.

अर्ध्या तासात बाकीच्यांचं उरकलं. मग भाषणं झाली, फोटो झाले. मला म्हणाले, "तुम्ही बसा, बसल्या बसल्याच घेऊ." मी चमचा हातात धरून फोटोत आहे. माझा भात संपायला एक तास पाच मिनिटं लागली. मग थर्मास उघडला. सकाळीच फिरवलं होतं, अंजिराचं, साय घालून. मुख्याध्यापक म्हणाले, "आम्हाला नाही का?" तेव्हा सहा वाट्या मागवल्या. कुणी म्हणालं केवड्याचा वास येतोय, कुणी म्हणालं वेलची. दोन्हींतलं काहीच घातलं नव्हतं. मला अंजीर लागलं नाही, पण गोड लागलं, वन्सं. थोडंसं, उजव्या बाजूला. ते मी कुणाला तिथे सांगितलं नाही.

हळूहळू हॉल रिकामा झाला. भूगोलाच्या बाई जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमच्याकडे डोळे वर करून बघेन." तेवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मला दिसलं. मी मान हलवली.

मग वाढपी आला. खुर्च्या एकावर एक चढवत चढवत माझ्यापर्यंत आला आणि वाटीला हात घातला. अजून चार-पाच चमचे उरले होते.

मी म्हटलं, "मी जेवतेय."

त्याला कळलं नाही. "काय आजी?"

मी पुन्हा म्हटलं. त्यानं मुलाकडे बघितलं. मुलानं सांगायला तोंड उघडलं, मी त्याच्या हातावर हात ठेवला. तिसऱ्यांदा म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर फळ्यावर लिहावं तसं. ओठाच्या कडेनं एक थेंब गेला. जाऊ दिला.

"बरं बरं," तो म्हणाला, "जेवा. मी पलीकडून सुरुवात करतो." त्यानं आमच्या डोक्यावरचा बंद केलेला पंखा पुन्हा लावला आणि गेला.

मी वाटी संपेपर्यंत उठले नाही.

तुमची वहिनी